सुटलेला टाका आणि चुकलेला टाका



दिवाळी जवळ आली की आमच्या नाशिकच्या दवाखान्यात दोन तक्रारी हमखास वाढतात. एक खोकल्याची आणि दुसरी अंगठ्याची. अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागतो, बरणीचे झाकण फिरवताना कळ येते, रात्री बोटांना मुंग्या येतात. ‘काही वेगळे काम केलेत का?’ असे विचारले की ‘छे, काहीच नाही’ असे उत्तर मिळते; आणि त्याच वेळी मांडीवरच्या कापडी पिशवीतून लोकरीच्या सुयांची टोके डोकावत असतात. विणकाम हे काम आहे असे आपल्याकडे कोणी मानतच नाही. बसल्या बसल्या होते, म्हणजे ते विश्रांतीत जमा! पण एका साध्या स्वेटरमध्ये हजारो टाके असतात, आणि प्रत्येक टाक्याला अंगठा आणि तर्जनी यांची एक चिमटी लागते. साठी ओलांडलेल्या हाताला हा हिशेब चुकवता येत नाही.

आज मात्र केवळ अंगठ्याविषयी लिहावयाचे नाही. गेल्या वर्षी एका आजींचा स्वेटर पुरा होत असताना मी तो जवळून पाहिला. त्यांच्या अनुमतीनेच लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजींचे वय ७६. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही १२ वर्षांपासून, औषधे नियमित. ऑगस्टमध्ये त्या सूनबाईंबरोबर आल्या. रक्त देण्यासाठी आजी आतल्या खोलीत गेल्या आणि सूनबाईंनी घाईघाईने पिशवीतून विणलेले दोन तुकडे काढून माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“डॉक्टर, हे बघा. पुढून उघडा स्वेटर आहे ना, त्याचे दोन पुढचे भाग. आईंनी दोन्ही डावेच विणलेत. आणि या महिन्यात चार वेळा उसवून झालंय. साठ वर्षं विणतायत त्या, माप न घेता नुसतं माणूस बघून टाके घालायच्या. आता आम्हाला भीती वाटते की…”

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. त्यांच्या माहेरी एका मावशींना स्मृतिभ्रंश झाला होता आणि त्याची सुरुवात स्वयंपाकातल्या चुकांपासून झाली होती, हे मला ठाऊक होते. मी काही बोलणार एवढ्यात इंजेक्शनचा ट्रे घेऊन आलेली आमची परिचारिका वाकून ते तुकडे पाहू लागली आणि म्हणाली, “दोन डावे? अहो, मी पस्तिशीत असताना केलंय हे. पुढच्या दोन बाजू आरशातल्यासारख्या उलट्या असतात. बगल एकीला डावीकडून कापायची, दुसरीला उजवीकडून. मधे दोन दिवस सुया ठेवल्या की झालाच घोटाळा.”

सूनबाईंचा चेहरा थोडा सैलावला. माझा मात्र नाही. दोन डाव्या बाजू कोणाच्याही हातून होऊ शकतात, हे खरे. पण जाणत्या हातांकडून एकाएकी चुका होऊ लागल्या तर त्यांना ‘वयाचं आहे’ म्हणून वाटेला लावणे हा आपल्या घरांतला, आणि कधी कधी आम्हा डॉक्टरांचाही, मोठा दोष आहे. तितकाच मोठा दोष म्हणजे पहिल्याच चुकीला स्मृतिभ्रंशाचे नाव देऊन मोकळे होणे. मधला मार्ग कंटाळवाणा असतो. त्यात प्रश्न विचारावे लागतात.

आजी बाहेर आल्यावर मी त्यांना लोकरीचा रंग विचारला. “काळा,” त्या म्हणाल्या. लोकर गडद निळी होती. शेवटचा टाका सुईवरून उचलून दाखवा म्हटल्यावर त्यांनी तो डोळ्यांनी न शोधता बोटाने चाचपून काढला, आणि तो काढताना अंगठा आखडून चेहरा कसनुसा झाला. मोतीबिंदूमुळे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळ्या-काळ्यातला फरक सर्वांत आधी पुसला जातो. त्याखेरीज, साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत, ढोबळ मानाने, एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. आजी विणत होत्या त्या दिवाणखान्यातल्या एका दिव्याखाली, मालिका पाहता पाहता, गडद निळ्या लोकरीने, वेणीची नक्षी! हल्ली जिला केबल म्हणतात ती. त्या नक्षीत ठराविक ओळींनंतर काही टाके तिसऱ्या सुईवर घेऊन शेजारच्या टाक्यांवरून ओलांडवायचे असतात. म्हणजे ओळी मोजणे आले, आणि ओलांडणी पुढून की मागून हे दिसणे आले.

रक्ताच्या तपासण्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. आजी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, शिवाय पूर्ण शाकाहारी. ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ब-१२ कमी होऊ शकते आणि त्याचा परिणाम हातापायांच्या संवेदनेवर आणि स्मरणावरही दिसू शकतो. गोळी बंद करावयाची नसते. ब-१२ तपासून भरून काढावयाचे असते. आपल्या घरात कोणी मेटफॉर्मिनवर असेल तर पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना एवढे अवश्य विचारावे. थायरॉईड ठीक होते. स्मरणाची छोटी चाचणी घेतली, तीत आजींचे गुण त्यांच्या शिक्षणाच्या मानाने किंचित कमी आले. किंचितच. अशा वेळी एका चाचणीवर निकाल देऊ नये. डोळे, ब-१२ आणि झोप सुधारून सहा महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी. सूनबाईंना मी हे सगळे जसेच्या तसे सांगितले, ‘काही नाही हो’ असे म्हटले नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. आजींचा एकच आक्षेप होता. नातू चंदीगडला शिकायला गेला होता, दिवाळीला येणार होता आणि भाऊबीज झाली की परत जाणार होता. तिकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी आपल्यासारखी नसते. स्वेटर त्याच्याबरोबर जायला हवा. “विकतचा घेऊन देतो म्हणतोय त्याचा बाप,” असे त्यांनी ज्या स्वरात सांगितले त्यावरून हा विषय लोकरीचा नाही, हे माझ्या ध्यानात आले.

१९६२च्या युद्धाच्या वेळी या आजी १४ वर्षांच्या होत्या. सीमेवरच्या जवानांसाठी देशभर घरोघरी आणि शाळाशाळांतून बायका-मुलींनी स्वेटर विणले, त्यांत त्याही होत्या. पहिला स्वेटर तिथे शिकल्या. त्यानंतर दीर, नणंदा, मुले, जावई, शेजारपाजारची बाळे. कोणाच्या घरी कोणता स्वेटर किती साली गेला, हे त्या सांगू शकतात. मलाही शाळेत विणकाम होते. माझा पायमोजा टाचेपर्यंत येऊन तिथेच थांबला तो आजतागायत. तेव्हा या बाबतीत त्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हे मी जाणून होते.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या दिवसांत अंगठ्याची व्यवस्था लावली. आपल्याही उपयोगी पडेल म्हणून सांगते. अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याची झीज स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर फार आढळते. सकाळी हात कोमट पाण्यात धरावेत, अंगठ्याला आधार देणारा मऊ पट्टा कामाच्या वेळी बांधावा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवाव्यात. ‘ही ओळ संपवून उठते’ असे म्हणू नये. ओळीमागून ओळ येतच असते. धातूच्या सुयांपेक्षा बांबूच्या हलक्या आणि हाताला गार न लागणाऱ्या असतात. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक; दुखऱ्या हातांनी ११-१२ नंबरचा अट्टाहास न धरता ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची, सुई आणि तिला साजेशी जाड लोकर घ्यावी. पाठीसारखा मोठा भाग गोल सुईवर, म्हणजे मधे लवचिक तार असलेल्या जोडसुईवर विणला तर त्याचे वजन मनगटावर न येता मांडीत पडते. वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत. मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांत त्या मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला महागात पडतात. वरून लावण्याचे मलम पुष्कळदा पुरते. आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर ती मनगटात नस दबल्याची खूण असू शकते. ते दाखवावे.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. ऑक्टोबरच्या मध्यावर नवा चष्मा आला. आणि त्यानंतर तिसऱ्याच दिवशी आजी दवाखान्यात हजर झाल्या, अगदी संतापलेल्या.

“डॉक्टर, मला आता सगळं दिसतंय,” त्या म्हणाल्या, जणू मीच काही अपराध केला होता. त्यांनी स्वेटर टेबलावर पसरला. पाठ, दोन पुढचे भाग (आता एक डावा आणि एक उजवा) आणि दोन बाह्या, जोडणी बाकी. उजव्या बाहीवर कोपराच्या खाली सुमारे चार बोटांचा एक पट्टा होता, निळाच, पण वेगळा निळा. एकाच रंगाच्या लडी वेगवेगळ्या लॉटच्या असल्या तर छटेत फरक पडतो. दुकानात त्या जवळ धरून पाहाव्या लागतात. जूनमध्ये आजींना तो फरक दिसलाच नव्हता. पाठीवरच्या सहा वेण्यांपैकी एका वेणीचा एक पेड उलटा वळला होता. मला ते दाखवल्यावरही दिसायला वेळ लागला. त्यांना आता दुसरे काहीच दिसत नव्हते.

रक्तदाब १६८/९४. दोन रात्री झोप नाही. त्यांना बाही उसवायची होती, पाठ उसवायची होती. दिवाळीला पंधरा दिवस उरले होते. मी हिशेब मांडला, एका बाहीला किती दिवस, पाठीला किती, अंगठ्याला दिवसातून किती वेळ परवानगी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पोरं विचारतील तिथे, कोणी विणला म्हणून. म्हणतील, म्हातारीला दिसत नव्हतं.”

“दिसत नव्हतंच की, आजी.”

हे वाक्य माझ्या तोंडून निघून गेले आणि मीच चपापले. सूनबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. क्षणभराने आजी हसू लागल्या. चांगल्या मिनिटभर हसल्या. मग चष्मा पुसून त्यांनी स्वेटर पुन्हा जवळ ओढला आणि नव्या डोळ्याने त्याची तपासणी सुरू केली, आम्ही रुग्णाची करतो तशी, वरून खाली. पट्ट्यावरून हात फिरवला, काही बोलल्या नाहीत. उलट्या पेडापाशी थांबल्या. पुढे गेल्या. डाव्या बाहीच्या बगलेशी त्यांचे बोट अडले. तिथे एक टाका सुटलेला होता. बाहेरून जेमतेम दिसेल एवढे छिद्र.

“तो पट्टा राहू दे,” त्या म्हणाल्या. “वेणीही राहू दे. हा नाही राहणार. हा पळेल.”

पिशवीतून क्रोशाची सुई निघाली. सुटलेला टाका खाली तीन ओळी उतरला होता. मोकळ्या झालेल्या धाग्यांच्या आडव्या पायऱ्या दिसत होत्या. आजींनी खालचा फासा सुईच्या आकड्यात घेतला, पहिली पायरी त्यातून ओढली, मग दुसरी, मग तिसरी. टाका शिडी चढावा तसा वर आला. मागच्या बाजूने लोकरीच्या तुकड्याने त्याला पक्के केले. बाहेर चार रुग्ण थांबले होते, आणि मी रुग्णाला आवरते घ्यायला सांगण्याऐवजी हे पाहत बसले होते.

चुकलेला टाका जिथे आहे तिथेच राहतो. तो दिसतो, पण वाढत नाही. सुटलेला टाका आज छिद्र असतो आणि दोन धुण्यांनंतर भगदाड होतो. तीस वर्षांच्या व्यवसायात मी दररोज हाच निवाडा करत आले आहे, पण तो इतक्या नेमक्या शब्दांत मला कोणी सांगितला नव्हता. हातावरचे तपकिरी ठिपके, बोटांच्या पेरांवरच्या गाठी, किंचित थरथरणारी सही, चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे, यांचा माणसे अतोनात धसका घेतात. उलट पावलांवर नव्याने आलेली सूज, पायाची न भरणारी जखम, कारण नसताना उतरलेले वजन, जिन्यावर लागणारी धाप, ही न दुखणारी छिद्रे महिनोन् महिने तशीच राहतात. दिसण्याचा उपद्रव आणि वाढण्याचा धोका या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

विणणाऱ्या ज्येष्ठांच्या घरच्यांना हेच विणकामातही पाहता येईल. टाके मोजताना गल्लत झाली, पुन्हा मोजले, जमले, तर ते सर्वांचेच होते. पण आयुष्यभर विणलेल्या व्यक्तीला सुईवर पहिले टाके कसे घालायचे हेच आठवेनासे झाले, एकच बाही विणून झाल्याचे न कळता ती पुन्हा सुरू झाली, चूक दाखवूनही समजेना, किंवा मन लावून करणारा माणूस सुया लपवून ठेवू लागला आणि विणकामाचे नावच काढेनासा झाला, तर वेळ न दवडता दाखवावे. शेवटच्या लक्षणामागे पुष्कळदा विस्मरण नसून औदासीन्य असते, आणि त्यावर उपचार आहेत. येताना चालू असलेली सगळी औषधे बरोबर आणावीत. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यादेखील डोके जड करतात. विणकामाने स्मृतिभ्रंश टळतो असे मात्र मी म्हणणार नाही. तसे सिद्ध झालेले नाही. हातांना उद्योग आणि दिवसाला आकार मिळतो, एवढे माझ्या दृष्टीने पुरेसे आहे.

उसवण्याची भीती कमी करणारी एक युक्ती मला परिचारिकेने सांगितली, ती इथे देते. अवघड नक्षीपूर्वीच्या, खात्रीच्या ओळीतल्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा साधा शिवणदोरा ओवून ठेवावा. पुढे चुकले तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवते, खाली जात नाही. ओळींची नोंद वहीत रेघा मारून ठेवावी, डोक्यात नको.

आणि घरच्यांसाठी थोडे. स्वेटर हातात पडताक्षणी ‘वा, छान!’ म्हणून तो बाजूला ठेवू नका. विणणाऱ्याला चूक कुठे आहे हे ठाऊक असते, आणि आपण पाहिलेच नाही हेही तिला कळते. पाहावे, हात फिरवावा, विचारावेसे वाटले तर विचारावे. ‘आता कशाला त्रास घेता, बाजारात मिळतो’ हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करावे. जोडणीच्या टप्प्यावर मदत विचारून पाहावी. भाग विणून पडले आहेत आणि जोडणी राहिली आहे, असे स्वेटर कितीतरी कपाटांत आहेत, कारण शिवताना बारीक नजर लागते, धाग्यांची टोके आत ओवताना बोटे आखडतात. आजींनी बाह्या जोडण्याचे काम सूनबाईंना दिले, स्वतः शेजारी बसून. एक बाही दोनदा उसवून घेतली, असे सूनबाईंकडून कळले. आपल्या चुकांना माफी असली तरी सुनेच्या चुकांना नसावी, हे परंपरेला धरूनच झाले.

स्वेटर वेळेत पुरा झाला. पहिल्या धुण्यानंतर तो दोरीवर न टांगता चादरीवर आडवा पसरून वाळवला. ओली लोकर स्वतःच्या भाराने लांबते. भाऊबीजेच्या दिवशी नातवाने तो अंगात घातला आणि, पोरांना जे पहिल्यांदा दिसायचे तेच दिसले. “आजी, इथे रंग वेगळा का आहे गं?”

“तो पट्टा माझ्या मोतीबिंदूचा,” आजींनी सांगितले. जानेवारीत त्याने चंदीगडहून फोटो पाठवला. बाही वर दुमडलेली नव्हती. तो फोटो मला दवाखान्यात दोन वेळा दाखवण्यात आला, दुसऱ्या वेळी ‘आधी दाखवला होता का?’ असे विचारून.

मार्चमध्ये स्मरणाची चाचणी पुन्हा घेतली. गुण तेवढेच आले, एक अधिकच. ब-१२ भरून आले आहे. पुढची चाचणी सप्टेंबरात घ्यायची, असे वहीत लिहून ठेवले आहे. सूनबाईंच्या वहीतही आहे. रक्तदाब १३६/८०.

निघताना मी सुचवले, “आजी, पुढचा स्वेटर फिकट लोकरीचा घ्या. पिवळा, आकाशी, मोतिया. टाके स्पष्ट दिसतील.”

त्यांनी पिशवीत हात घालून नवा गुंडा बाहेर काढला. गडद मरून. मोठ्या नातीसाठी, आणि पुन्हा वेणीचाच.

“मग आधी डाव्या डोळ्याची तारीख घ्या,” मी म्हणाले. ती त्यांनी घेतली आहे.